धुडकूनानांची बांधणी

शोकेसचा वरून दुसरा कप्पा कोणाला द्यायचा, यावर बोरसे यांच्या घरात चार दिवस बोलणं चाललं होतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, एका दिवसात मिटलं असतं. पण सून राखी फार समजूतदार मुलगी. ती आवाज चढवत नसे, उलट उत्तर देत नसे, आणि समोरच्याचं सगळं ऐकून घेतल्यावर तिला जे करायचं असेल तेच करत असे.

शोकेस नवा होता. धुडकूनानांचा मुलगा भटू ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हेडक्लार्क झाला, त्या आनंदात त्याने तो घेतला. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या सोसायटीत तेव्हा ज्याच्या घरी सरकत्या काचांचा शोकेस असेल, त्याच्या दारात पाहुणे चपला जरा लांबच काढत. वरच्या कप्प्यात राखीचे काचेचे मोर बसले. तिसऱ्यात टीव्ही बसला. राहिला दुसरा. तिथे नानांनी आपली सात पुस्तकं ठेवायची म्हटलं.

"ठेवा ना, नाना," राखी म्हणाली. "पण ती फाटलीत. काचेतून कशी दिसतील? बांधून आणा, मी माझ्या हाताने लावते."

आणि मग अगदी सहज तिने सांगितलं, की येत्या रविवारी बारडोलीहून तिचे मामा येणार आहेत, ते साखर कारखान्यात असतात, आणि येताना एक्कावन्न नगांचा डिनर सेट आणणार आहेत. पुस्तकं तयार असली तर डिनर सेट पलंगाखाली. नसली तर कप्पा रिकामा ठेवून तरी काय करायचं, नाही का?

तो सोमवार होता.

नाना चोपन्नाव्या वर्षी अक्षर शिकले. तोवर सगळी उमर लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात गेली. पगाराच्या दिवशी अंगठा उठवायचा आणि निळं बोट धोतराला पुसायचं. मग सोसायटीत सुमनबाईंचा साक्षरता वर्ग निघाला आणि नाना सगळ्यात पुढे, पाटीच्या इतके जवळ बसू लागले की खडूची भुकटी त्यांच्या मिशीत उतरे. त्या वर्गाची वाचनपुस्तिका, नद्यांवरचं एक पुस्तक, ग्रहताऱ्यांवरचं एक, विहिरी कशा खणाव्यात याचं एक, गुरांचे रोग आणि त्यावरचे उपचार, आणि दोन कादंबऱ्या, अशी सात पुस्तकं सात वर्षांत जमली. नानांकडे गूर नव्हतं आणि विहीर खणायला जागाही नव्हती. पण माणसाने पुस्तक उपयोगासाठीच घ्यावं असा काही सरकारी नियम नाही. सातही पुस्तकं इतक्यांदा उघडली गेली होती की घड्या फाटून नुसती सुटी पानं उरली होती, आणि नाना ती जुन्या नाडीने बांधून ठेवत.

मंगळवारी सकाळी ते गठ्ठा घेऊन स्टेशनजवळच्या एका बाइंडरकडे गेले. त्याने दोन पानं अंगठ्याने चाचपली आणि म्हणाला, कागद मेलेला आहे, सुई धरणार नाही. तिथे थांबला असता तर नानांनी माफ केलं असतं. पण त्याने वर हेही सांगितलं की शेव-पापडीच्या पुड्या बांधायला कागद चांगला आहे.

नाना शेजारच्या चहाच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि दोन तास त्या माणसाच्या हातांकडे बघत राहिले. लूमवरची प्रत्येक गोष्ट ते अशीच बघून शिकले होते. पानं ठोकून सारखी करायची, कडेला आरीने भोकं पाडायची, दोरा ओवायचा, पाठीला कापडाची पट्टी, वरून पुठ्ठा, खळ, आणि वर वजन. एवढंच तर आहे, असं त्यांना वाटलं. पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ या 'एवढंच तर आहे'मध्ये आहे.

सामान गोळा करायला दुपार गेली. पुठ्ठा साड्यांच्या खोक्यांचा मिळाला. प्रत्येक खोक्यावर खांबाला टेकून पदर उडवणारी एक बाई छापलेली होती. तिला आतल्या बाजूला घ्यायचं असं नानांनी ठरवलं. ओळखीच्या खात्यातून पॉलिस्टर दोऱ्याची एक बॉबिन आणि नमुन्याच्या कापडांच्या चिंध्या आल्या. वजन म्हणून नानांच्या बायकोचा, रुक्मिणीबाईंचा पाटा आला, म्हणजे नानांनी तो स्वयंपाकघरातून उचलला आणि दारापुढच्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्या दिवसापासून घरात ठेचा बंद झाला. रुक्मिणीबाईंनी तक्रार केली नाही, फक्त जेवताना भाकरीशेजारची रिकामी जागा रोज बोट लावून दाखवली.

आता शेजारी राघो तायडे. हे अकोल्याकडचे, रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेले. गाड्यांना रस्ता दाखवण्यात आयुष्य गेल्यामुळे दिसेल त्याला रस्ता दाखवायची त्यांना सवय लागली होती. ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "बोरसेभाऊ, खळीत मोरचूद टाका. नाहीतर झुरळं पुस्तक खातीन, अन् वरतून खळ खातीन."

किती टाकायचं, हे नानांनी विचारलं.

"अंदाजानं. मूठभर."

मूठ कोणाची हे राघोंनी सांगितलं नाही. नानांची मूठ पस्तीस वर्षं लूम चालवलेली होती. बुधवारी सकाळी मैद्याची खळ शिजली तेव्हा ती अशी निळी झाली की रुक्मिणीबाई पातेल्याकडे बघतच राहिल्या. त्या नानांशी अहिराणीतच बोलत. म्हणाल्या, "हाई काय शे? पुस्तक बांधी राह्यनात का कपडा रंगाडी राह्यनात?"

नानांनी ती खळ पातळ झाली म्हणून मोरीत ओतली आणि दुसरी केली. तीही निळी झाली. तीही ओतली. तिसरी जरा फिकट उतरली. मोरीचं पाणी सोसायटीच्या उघड्या गटाराला मिळत होतं, आणि गटार नानांच्या घरापासून अकरा घरांसमोरून वाहत जात होतं. हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे नानांच्या लक्षात आलं नाही. अकरा घरांच्या आलं.

समोरच्या घरातल्या जागृतीबेन बाहेर आल्या. त्यांनी ओट्यावर साड्यांची खोकी पाहिली, रंगीबेरंगी चिंध्या पाहिल्या, दोऱ्याची बॉबिन पाहिली, कोपरापर्यंत निळे झालेले नाना पाहिले.

"काका, आ बधुं शुं करो छो?"

नाना मान ताठ करून बसले. 'बाइंडिंग' हा शब्द त्यांना चालत नसे. आपल्या भाषेत शब्द असताना उसना घेऊ नये, असं सुमनबाईंनी वर्गात सांगितलं होतं. म्हणून ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "बांधणी. घरी. हाताने."

आता गुजरातीत बांधणी म्हणजे काय, ते सुरतेत शेंबडं पोरही सांगेल. गाठी मारून, रंगात बुडवून केलेली साडी. नानांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, कापडाच्या शहरात जन्म गेलेला. पण त्या घटकेला त्यांच्या डोक्यात पुस्तक होतं, आणि डोक्यात पुस्तक असलं की माणसाला समोरच्याचा शब्द ऐकू येत नाही, आपलाच येतो.

जागृतीबेन आश्चर्याने म्हणाल्या, जाते? म्हणजे स्वतः? नाना म्हणाले, स्वतः. मग त्यांनी विचारलं की पक्की होईल ना. नाना म्हणाले, पन्नास वर्षं सुटायची नाही. रंग उतरणार नाही ना? नानांनी चिंध्यांकडे बघून सांगितलं, रंग कशाला उतरेल. किती करताय? सात, रविवारपर्यंत.

जागृतीबेन लगबगीने घरात गेल्या आणि पांढऱ्याशुभ्र जॉर्जेटचं लांबलचक कोरं कापड घेऊन आल्या. नानांच्या हातात देऊन म्हणाल्या, "आ कपडुं राखो, काका. मारी पण एक करी आपजो. लाल मां."

नाना गहिवरले. परक्या भाषेची बाई, पण पुस्तकांबद्दल केवढी आस्था. तिचंही एखादं पुस्तक असेल, देईल मागाहून, त्याला लाल पुठ्ठा लावू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. चिंध्या बाजूला सारल्या, आणि त्या जॉर्जेटच्या एका टोकाने सरळ रेषेत सात पट्ट्या कापल्या. रुक्मिणीबाई म्हणाल्या होत्या, एवढं कापड कोणी फुकट देत नाही, विचारून घ्या. पण लोकांच्या चांगुलपणावर संशय घेणं नानांना पटलं नाही.

राखी दिवसभर एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला असे. ती घरी असती तर हा घोटाळा दोन वाक्यांत सुटला असता.

गुरुवारी अकरा वाजता सफाई खात्याचे साहेब आले. प्लेग येऊन गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून गटारात नको ते दिसलं की साहेब दिसत. यांच्या हातात कोणाचा तरी अर्ज होता. राहत्या घरात रंगकाम चालतं, रंगाचं पाणी उघड्या गटारात सोडतात. साहेबांनी गटार पाहिलं. कडेचं शेवाळसुद्धा निळं झालं होतं.

साहेब हिंदीत विचारत गेले आणि नाना मोकळेपणाने सांगत गेले. बांधणीचं काम घरीच करता? हो, घरीच. कोणाची परवानगी घेतली? सुनेची. पाणी कुठे सोडता? मोरीत, आणखी कुठे सोडणार. माल किती आहे? सात नग.

"और ऑर्डर?"

"जागृतीबेन का एक है," नाना म्हणाले. "लाल में."

साहेब आनंदाने लिहीत होते. इतका सरळ गुन्हेगार त्यांना नोकरीत भेटला नसावा. लिहून झाल्यावर त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, अंगठा द्या.

तिथे नाना दुखावले. अंगठा? त्यांनी साहेबांच्या हातून पेन काढून घेतलं. नाना सही करायला शिकल्यापासून त्यांनी सहीला कधी नाही म्हटलं नव्हतं. सोसायटीतल्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा या अर्जावर त्यांची सही होती, आणि मुक्या कुत्र्यांना त्रास देऊ नका या अर्जावरही होती. कागद गुजरातीत होता, त्यातलं त्यांना आकड्यांपलीकडे काही वाचता येत नव्हतं. पण खाली रिकामी जागा होती. तिथे त्यांनी 'धुडकू रामदास बोरसे' असं, प्रत्येक अक्षर निरखून, शेवटी एकच लांब रेघ वरून ओढून लिहिलं. साहेब दीड मिनिट उन्हात उभे राहिले. पंच म्हणून राघो तायड्यांनी सही केली, आणि आपण पंच झालो ही बातमी सांगायला ते लगेच निघूनही गेले.

साहेबांनी नमुना म्हणून खळीचं पातेलं घेतलं, कापलेलं जॉर्जेट आणि त्याच्या पट्ट्या घेतल्या. आणि शेजारी नाडीने बांधलेल्या पानांचा गठ्ठा होता, तोही घेतला. नाना मध्ये पडले. ती पुस्तकं आहेत, म्हणाले. साहेब म्हणाले, हो, हो, शनिवारी ऑफिसात येऊन सांगा.

शुक्रवार कसा गेला ते विचारू नये. ओट्यावर पाटा होता, आरी होती, बॉबिन होती, पुठ्ठ्यावरच्या सात बाया पदर उडवत होत्या, आणि बांधायला एक पान नव्हतं. बायका येऊन जागृतीबेनला विचारत होत्या की काका पिवळ्यात पण करतात का. संध्याकाळी राखीला सगळं कळलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने एवढंच विचारलं, "नाना, तुम्ही सही केली?"

"मग काय अंगठा देऊ?" नाना म्हणाले.

शनिवारी ते वॉर्डाच्या ऑफिसात गेले. तिथे प्रफुल्लभाई नावाचे एक सज्जन कारकून होते, जाड चष्म्याचे. त्यांनी नानांना खुर्ची दिली आणि पाणी दिलं. साहेबांनी पाच मिनिटांत ओळखलं की हे बाइंडिंग आहे, आणि कपाळाला हात लावला. पण आता जबाब झाला होता. त्यावर सही होती, आणि तीही एवढी मोठी. सही झालेला जबाब फाडता येत नाही. शेवटी तोड निघाली, ती अशी: माझ्या जबाबात जिथे जिथे बांधणी असं आलं आहे तिथे तिथे बाइंडिंग असं वाचावं, आणि यापुढे मी गटारात मोरचूद सोडणार नाही, असा अर्ज नानांनी स्वतःच्या हाताने द्यायचा. कोणत्याही भाषेत चालेल.

नानांनी पाऊण तास घेतला. आयुष्यातला त्यांचा हा पहिला अर्ज. 'बाइंडिंग' लिहिताना त्यांचा हात अडखळला, उसना शब्द, पण लिहिला. चार ओळींत एक खाडाखोड झाली म्हणून त्यांनी नवा कागद मागितला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. प्रफुल्लभाई जेवायला गेले नाहीत, थांबले.

मग त्यांनी कपाटातून पातेलं, कापड आणि गठ्ठा आणून दिला. गठ्ठ्याला नवी दोरी होती. प्रफुल्लभाईंच्या चेहऱ्यावर, दुसऱ्याचं काम न सांगता केल्याचं जे सुख असतं, ते होतं. ते म्हणाले, "बधां पानां नंबर प्रमाणे गोठवी आप्यां छे, काका. आडांअवळां हतां."

वीस वर्षं ते रेकॉर्डला होते. विस्कटलेला कागद त्यांना बघवत नसे. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडे जवळपास सारखेच. तेव्हा त्यांनी सात पुस्तकांची सगळी पानं एकत्र करून एकपासून शेवटापर्यंत लावली होती. सगळ्यांची पाचवी पानं एकत्र, मग सगळ्यांची सातवी, मग नववी. एक पान चुकलं नव्हतं. नानांनी गठ्ठा उघडून पाहिला, परत बांधला, आणि प्रफुल्लभाईंचे मनापासून आभार मानले. एवढं प्रेमाने केलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

घरी आले तेव्हा दोन वाजले होते. मामांच्या डिनर सेटला उणापुरा एक दिवस राहिला होता.

वाचनपुस्तिका आणि ग्रहताऱ्यांचं पुस्तक आकाराने मोठी होती, ती पटकन निघाली. उरलेली पाच एकाच मापाची, एकाच तऱ्हेच्या पिवळ्या कागदाची. आता प्रत्येक पान वाचून ओळखायचं होतं. नाना ओट्यावर बसले. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत ते वाचत. पहिलं पान उचललं.

"काठावरची... माती... ढासळू नये म्हणून..."

नानांनी पान नद्यांच्या बाजूला ठेवलं. समोर रुक्मिणीबाई गव्हाचे खडे वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विहीरनं शे ते."

नानांनी पुढच्या ओळी वाचल्या. विहिरीचंच होतं. त्यांनी पान हलवलं आणि दुसरं घेतलं. "तिने... कडी... काढली..." एवढंच झालं होतं, तर रुक्मिणीबाई म्हणाल्या, "धाकली कादंबरी. ती भाऊले भेटाले जास तठलं."

नाना थांबले. रोज दुपारी जेवण झाल्यावर ते मोठ्याने वाचत. मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांना कळतच नसे. रुक्मिणीबाई समोर भिंतीला टेकून डोळे मिटून असत. त्या झोपतात, असं नाना सात वर्षं धरून चालले होते. किंबहुना त्या झोपतात म्हणून ते अडखळतानाही लाजत नसत.

"तुले सगळं ध्यानमा शे?" त्यांनी विचारलं.

"सात वरीसफाईन आयकी राह्यनू मी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तुम्हले वाचाले येळ लागस. मंग ध्यानमा राही जास."

यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे नानांना कळलं नाही. सवडीने ठरवू म्हणून त्यांनी पुढचं पान घेतलं. चार वाजता राघो आले आणि पानांच्या कोपऱ्यावर रंगीत खुणा कराव्यात असा सल्ला देऊ लागले. रुक्मिणीबाईंनी त्यांच्या हातात गव्हाचं सूप दिलं, तेव्हा ते काम आठवून निघून गेले. साडेपाचला राखी आली, पिशवी न ठेवताच खाली बसली, आणि सासूबाईंनी सांगितलेल्या ढिगावर पान ठेवायचं काम तिने घेतलं. दिवेलागणीला पाच ढीग उभे राहिले.

तेवढ्यात जागृतीबेन आल्या. आपली बांधणी कुठवर आली बघायला.

राखीनेच सांगितलं, गुजरातीत, अगदी हळू. नाना खाली बघत होते. त्यांनी आत जाऊन जॉर्जेट आणलं, आणि सात पट्ट्या त्यावर ठेवून ते जागृतीबेनच्या पुढे उभे राहिले. वॉर्डातल्या साहेबांपुढे ते असे उभे राहिले नव्हते. जागृतीबेननी कापड उलगडून हाताने मापलं. एकदा, मग पुन्हा एकदा. नानांनी कापलं होतं ते टोक ब्लाउज-पीसचं होतं. साडी पुरी पाच मीटर शाबूत होती.

"मारो ब्लाउज तमारी चोपडीओए पहेरी लीधो," जागृतीबेन म्हणाल्या, आणि पुस्तकांनी घातलेल्या त्या ब्लाउजवर आधी त्या हसल्या, मग राखी, आणि मग कोणी तरी थांबायला हवं म्हणून नानाही. पट्ट्या त्यांनी परत घेतल्या नाहीत. आता याचा रुमालसुद्धा होणार नाही, म्हणाल्या.

रविवारी सकाळी नाना कामाला लागले. खळ पांढरी केली होती. झुरळांनी खाल्लं तर खाऊ दे. दोरा त्यांनी लूमवर ताणा ओढतात तसा ओढला, कारण सैल काम त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. बारा वाजता सातवं पुस्तक चिकटलं. आता वजन हवं होतं, आणि सात पुस्तकांना एक पाटा पुरेना. त्याच वेळी रिक्षातून राखीचे मामा उतरले. एक्कावन्न नगांचं खोकं त्यांनी रिक्षावाल्याच्या मदतीने आणलं आणि, कुठे ठेवू, असं विचारलं. नाना म्हणाले, "इथेच ठेवा, सांभाळून," आणि पुस्तकांवरची फळी दाखवली. डिनर सेट संध्याकाळी पाचपर्यंत पुस्तकांच्या डोक्यावर बसला. मामांना चहा, जेवण, पुन्हा चहा झाला, पण खोकं उघडू दिलं नाही.

पाच वाजता राखीने शब्द पाळला. हात धुतले, पुस्तकं एकेक उचलली आणि दुसऱ्या कप्प्यात लावली. पांढऱ्या जॉर्जेटच्या पाठी, त्यावर नानांच्या अक्षरात नावं. सोसायटीतली माणसं येऊन बघून गेली. मामांनीही मान डोलावली. डिनर सेट पलंगाखाली गेला. त्या संध्याकाळी नाना शोकेससमोरून कारण नसताना नऊ वेळा गेले.

सोमवारी दुपारी जेवण झालं. रुक्मिणीबाई भिंतीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. नाना उठून शोकेसपाशी गेले आणि काच सरकवू लागले. काच सरकेना. खालच्या कडेला बारीकसं कुलूप होतं. धूळ लागू नये, कोणी हात लावू नये, म्हणून राखीने ते लावलं होतं, आणि किल्ली तिच्या पर्समध्ये, शाळेत. नाना काचेपाशी उभे राहिले. आपलीच अक्षरं आतून त्यांच्याकडे बघत होती. सात नावं त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. मागून रुक्मिणीबाई म्हणाल्या, "वाचा ना." नाना म्हणाले, आज डोळे दुखताहेत.

मंगळवारीही डोळे दुखले.

राखीकडे किल्ली मागणं अगदी सोपं होतं. पण ज्या कप्प्यासाठी सहा दिवस घर उलटंपालटं केलं, तो कप्पा आता आपल्याला अडचणीचा झाला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? बुधवारी रात्री जेवताना नाना घसा साफ करून म्हणाले की त्यांनी फार विचार केला. मामांनी एवढ्या हौसेने डिनर सेट आणला. तो पलंगाखाली बघून पुढच्या वेळी त्यांना काय वाटेल? पुस्तकांचं काय, ती ट्रंकेवर राहतील. म्हाताऱ्या माणसाने थोडं मागे सरावं.

राखीचे डोळे भरून आले. "नाना, तुमचं मन फार मोठं आहे," ती म्हणाली. भटूनेही ताट बाजूला सारून वडिलांकडे बघितलं. गुरुवारपर्यंत ही गोष्ट जागृतीबेनकडून अकरा घरांत गेली, आणि शुक्रवारी राघो तायडे येऊन म्हणाले की असा त्याग त्यांनी रेल्वेत चाळीस वर्षांत पाहिला नाही. नानांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. कोणाचंही म्हणणं खोडून काढलं नाही.

दुपारी त्यांनी ट्रंकेवरून धाकटी कादंबरी घेतली. शिवण इतकी घट्ट होती की पुस्तक चार बोटंच उघडे. नानांनी डोकं तिरकं करून आत डोकावलं आणि वाचू लागले. तिने कडी काढली. दार उघडलं. पान उलटलं, तर पुढे खूर कोमट पाण्याने धुऊन त्यावर फिनेल लावावे, असं होतं.

नानांनी पाठीची शिवण चाचपून पाहिली. पुन्हा उसवायचं, पुन्हा आरी, पुन्हा खळ.

"राहू द्या," रुक्मिणीबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तेवढं पान मी सांगस. पुढलं तुम्ही वाचा."